उन्हाळ्यात बीपीची गोळी बंद करायची का? मीठ, पाणी आणि हार्मोन्सचं गणित समजून घ्या

एप्रिल उजाडला की फॅमिली ग्रुपवर दोन मेसेज हमखास फिरायला लागतात. पहिला: 'उन्हाळ्यात बीपी आपोआप कमी होतं, त्यामुळे बीपीच्या गोळ्या बंद ठेवा.' दुसरा: 'ऊन लागू नये म्हणून रोज दोन-तीन ग्लास ओआरएस प्या, जेवणात मीठ वाढवा.' खाली हात जोडलेले इमोजी आणि कुणातरी काकांचं 'खूप उपयुक्त माहिती'.

यातला कुठलाच मेसेज पूर्ण खोटा नाही, आणि खरी अडचण तीच आहे. धडधडीत खोटी गोष्ट पकडता येते. अर्धी खरी गोष्ट मात्र आपल्या आई-बाबांच्या गोळ्यांच्या डब्यापर्यंत पोहोचते.

हा प्रश्न किती जणांचा आहे? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार भारतात ३० ते ७९ या वयोगटातल्या सुमारे १८ कोटी ८० लाख लोकांना उच्च रक्तदाब आहे. त्यातल्या साधारण ३७ टक्के लोकांनाच आपल्याला हा आजार आहे हे माहीत आहे. उपचार घेतात ३० टक्के आणि बीपी आटोक्यात आहे जेमतेम १५ टक्क्यांचं. म्हणजे गोळी घेणारेच पाच कोटींच्या वर झाले. ही संख्या वाढावी म्हणून सरकार प्रयत्न करतंय. २०१७ मध्ये 'इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह' सुरू झाला, त्यातल्या पहिल्या पाच राज्यांमध्ये महाराष्ट्र होता. मे २०२३ मध्ये केंद्राने बीपी आणि शुगरच्या साडेसात कोटी रुग्णांना नियमित उपचारांखाली आणण्याचं लक्ष्य जाहीर केलं. हे सगळं योग्यच आहे, कारण आटोक्यात नसलेलं बीपी म्हणजे पॅरालिसिस, हार्ट अटॅक आणि निकामी किडनी.

पण त्याच वेळी ऊनही वाढतंय. अंगात बीपीची गोळी घेऊन ४४-४५ अंशांत बाहेर पडणाऱ्या माणसांची संख्या त्यामुळे वाढत चालली आहे. या दोन गोष्टी एकत्र आल्या की शरीरात नेमकं काय होतं, याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं.

सोसायटीची टाकी आणि किडनी

बीपी म्हणजे रक्तवाहिन्यांमधलं रक्ताचं प्रेशर. सोसायटीत वरच्या मजल्यावर पाणी नीट चढत नसेल तर आपण तीन गोष्टी बघतो: टाकीत पाणी आहे का, पंप नीट चालतोय का, आणि पाइप किती रुंद आहे. शरीरातही तेच. टाकी म्हणजे अंगातलं रक्त आणि पाणी, पंप म्हणजे हृदय, पाइप म्हणजे रक्तवाहिन्या. फरक इतकाच की शरीराचे पाइप हवे तेव्हा आकसतात आणि सैल होतात.

या यंत्रणेत टाकीची जबाबदारी किडनीकडे आहे. मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण पाच लिटर रक्त असतं. किडनी दिवसभरात त्यातून सुमारे १८० लिटर द्रव गाळून काढते. त्यातला ९९ टक्के परत रक्तात घेते आणि उरलेली दीड-दोन लिटर लघवी बाहेर टाकते. हा १ टक्क्याचा हिशेब इकडे-तिकडे झाला तरी टाकी रिकामी व्हायला किंवा भरून वाहायला वेळ लागत नाही.

हा हिशेब ठेवतात हार्मोन्स. किडनीला रक्ताचं प्रेशर कमी झाल्याचं जाणवलं की ती रेनिन नावाचा पदार्थ सोडते. (रेनिनचा शोध १८९८ मध्ये स्वीडनमध्ये लागला. सशाच्या किडनीचा अर्क दुसऱ्या सशाला टोचला तर त्याचं बीपी वाढतं, असं तिथल्या दोन संशोधकांना दिसलं.) रेनिन एकटं काही करत नाही. यकृतात तयार होऊन रक्तात फिरणाऱ्या एका प्रथिनाचा ते तुकडा पाडतं. तो तुकडा मुख्यतः फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांमधून जाताना 'एस' नावाचं एन्झाइम त्याला आणखी कापतं, आणि मग तयार होतं अँजिओटेन्सिन-२. या साखळीतलं खरं जोरदार हार्मोन हेच. ते पाइप आवळतं, तहान लावतं आणि किडनीच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीला निरोप धाडतं. तो निरोप मिळाला की ग्रंथी अल्डोस्टेरॉन सोडते, आणि अल्डोस्टेरॉन किडनीला सांगतं: मीठ सोडू नकोस, परत घे. मिठामागे पाणी येतं आणि टाकी भरते. या बदल्यात पोटॅशियम बाहेर जातं. पोटॅशियमची ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरा गडी एडीएच, म्हणजे लघवी रोखणारं हार्मोन. ते मेंदूत तयार होतं आणि पाणी वाचवतं. उन्हातून आल्यावर लघवी कमी आणि गडद पिवळी होते ती याच्यामुळे. दारू या हार्मोनला दाबते, म्हणून पिणाऱ्याला सारखं लघवीला जावं लागतं आणि सकाळी घशाला कोरड पडते. भर उन्हाळ्यात थंडगार बिअरने शरीरातलं पाणी भरून निघत नाही, ते यासाठीच.

तिसरं हार्मोन चक्क हृदयात तयार होतं. टाकी जास्त भरली आणि हृदयाच्या भिंती ताणल्या गेल्या की हृदय एएनपी सोडतं, ते किडनीला मीठ आणि पाणी बाहेर टाकायला लावतं. १९८१ मध्ये कॅनडातल्या अडोल्फो दे बोल्ड यांनी हे दाखवून दिलं, तोवर हृदयाकडे निव्वळ पंप म्हणूनच पाहिलं जात होतं.

उन्हात उलटं काय होतं?

बाहेर ४४ अंश असताना शरीराला आतली उष्णता बाहेर फेकायची असते. त्यासाठी त्वचेखालचे पाइप रुंद होतात आणि बरंच रक्त त्वचेकडे वळतं. घामाच्या धारा लागतात. उन्हात कष्टाचं काम करणाऱ्याच्या अंगातून तासाला लिटरभर किंवा त्याहूनही जास्त घाम जाऊ शकतो. म्हणजे पाइप रुंद झाले आणि टाकीही उतरली. प्रेशर पडणारच.

म्हणून 'उन्हाळ्यात बीपी कमी होतं' हे वाक्य खरं आहे. थंडीच्या तुलनेत उन्हाळ्यात वरचं बीपी सरासरी ५ अंकांच्या आसपास उतरतं. पण ही सरासरी आहे. कुणाचं दोन अंकांनी उतरेल, कुणाचं वीस. दिवसभर एसीत बसणारा बँकेतला माणूस आणि दुपारी रिक्षा चालवणारा माणूस यांचा उन्हाळा एकच नसतो.

बीपी पडू लागलं की शरीर आपली फौज उतरवतं. रेनिन, अँजिओटेन्सिन, अल्डोस्टेरॉन, एडीएच, सगळे कामाला लागतात. अल्डोस्टेरॉन तर घामाच्या ग्रंथींनाही मीठ वाचवायला शिकवतं. रोज थोडं थोडं ऊन अंगावर घेतलं तर आठवडा-दोन आठवड्यांत घाम लवकर येऊ लागतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. ऊन अंगवळणी पडणं म्हणतात ते हेच. म्हणूनच मार्चमध्ये अचानक आलेली लाट, शरीर तयार नसताना, मे महिन्यातल्या तेवढ्याच तापमानापेक्षा जास्त त्रास देते.

कोकणपट्टीत आणखी एक भानगड आहे. हवा दमट असल्याने घाम वाळत नाही, आणि न वाळलेला घाम अंग थंड करत नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा भर उन्हात झाला आणि उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला, तेव्हा जवळच्या केंद्रावर तापमान ३८ अंशांच्या आसपास नोंदलं होतं. चंद्रपूरकरांना हा आकडा फार वाटणार नाही. आकडा एकटा काही सांगत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

गोळी नेमकं काय बंद करते?

बीपीच्या बहुतेक गोळ्या वर सांगितलेल्या साखळीतली एखादी कडी तोडतात किंवा पाइप सैल सोडतात. थोडक्यात, उन्हात जीव वाचवण्यासाठी शरीर ज्या यंत्रणेला हाक मारतं, तिचाच आवाज गोळीने आधी कमी करून ठेवलेला असतो. एरवी ते हवंच असतं, कारण बीपीच्या रुग्णाच्या अंगात प्रेशर गरजेपेक्षा जास्त राहतं. प्रश्न येतो टाकी खरोखर रिकामी व्हायला लागते तेव्हा.

ज्यांच्या नावाच्या शेवटी 'प्रिल' येतं (एनालाप्रिल, रामिप्रिल) त्या गोळ्या 'एस' एन्झाइमला अडवतात. यामागची गोष्ट सापाची आहे. ब्राझीलमधला जराराका नावाचा विषारी साप चावला की माणसाचं बीपी धाडकन कोसळतं. सर्जिओ फेरेरा या ब्राझिलियन संशोधकाने या विषाचा अर्क १९६० च्या दशकात लंडनला जॉन व्हेन यांच्या प्रयोगशाळेत नेला. तिथे कळलं की विषातले काही घटक 'एस'ला बंद पाडतात. त्या धाग्यावरून स्क्विब कंपनीच्या कुशमन आणि ओंडेट्टी यांनी कॅप्टोप्रिल हे औषध घडवलं, आणि १९८१ मध्ये त्याला अमेरिकेत मंजुरी मिळाली. जॉन व्हेन हे नाव ध्यानात असू द्या, ते पुन्हा येणार आहेत.

'प्रिल'ने काही जणांना कोरडा खोकला लागतो. त्यांना आणि हल्ली इतरही अनेकांना 'सार्टन' दिलं जातं: टेल्मिसार्टन, लोसार्टन, ओल्मेसार्टन. ही औषधं अँजिओटेन्सिन तयार होऊ देतात, पण त्याला काम करू देत नाहीत. हाक जाते, दार उघडत नाही.

मग येतात लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, ज्यांना डॉक्टर 'वॉटर पिल' म्हणतात: हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड, टॉर्सेमाइड. या थेट टाकीतून मीठ आणि पाणी काढतात. स्पायरोनोलॅक्टोन ही त्यांचीच चुलत बहीण, ती अल्डोस्टेरॉनला अडवते आणि पोटॅशियम अंगातच ठेवते.

अ‍ॅमलोडिपिन पाइप सैल करतं. ही गोळी घेणाऱ्यांचे पाय कधी कधी सुजतात, उन्हाळ्यात जास्तच. ही सूज अंगात पाणी साठल्याची नसते. छोट्या रक्तवाहिन्या रुंद झाल्याने द्रव घोट्याशी झिरपतो. पण ते लक्षात न घेता सूज उतरवायला वॉटर पिल सुरू होते, सूज फारशी उतरत नाही आणि टाकी मात्र उगाच रिकामी होते. आजीच्या गोळ्या दोनाच्या चार कशा झाल्या, याचं उत्तर पुष्कळदा अशा साखळीत सापडतं.

मेटोप्रोलोल, अ‍ॅटेनोलोल हे बीटा ब्लॉकर पंपाचा वेग आवरतात. उन्हात हृदयाला वेग वाढवायचा असतो, तो पुरेसा वाढत नाही.

या यादीत अलीकडे शुगरच्या गोळ्यांचीही भर पडली आहे. डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन लघवीतून साखर बाहेर टाकतात आणि साखरेबरोबर पाणीही जातं. मार्च २०२५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात संपलं, कंपन्यांनी स्वस्त आवृत्त्या आणल्या आणि किंमत कोसळली. हृदय आणि किडनीसाठी ही औषधं फार उपयोगी आहेत, त्यामुळे ती स्वस्त होणं ही चांगलीच बातमी आहे. फक्त आधीच वॉटर पिल चालू असलेल्या माणसाची उन्हाळ्यात पाणी घालवणारी वाट आता एकाऐवजी दोन झाली, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं.

सगळ्यात वाईट जोडी: ऊन आणि पेनकिलर

माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वात दुर्लक्षित धोका हा आहे.

किडनीतल्या गाळणीला दोन नळ आहेत, एक रक्त आत येण्याचा आणि एक बाहेर जाण्याचा. गाळणीत प्रेशर असेल तरच रक्त गाळलं जातं. टाकी उतरली की शरीर दोन युक्त्या करतं. प्रोस्टाग्लँडिन नावाचे पदार्थ आत येणारा नळ उघडा धरतात. अँजिओटेन्सिन बाहेर जाणारा नळ आवळतं. दोन्ही मिळून गाळणीतलं प्रेशर टिकवून ठेवतात.

आता बघा काय होतं. 'प्रिल' किंवा 'सार्टन'मुळे बाहेरचा नळ आवळला जात नाही. वॉटर पिल आणि घाम यांनी टाकी उतरवली आहे. त्यात गुडघा दुखतो म्हणून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅसिक्लोफेनॅक घेतली. या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच थांबवतात, म्हणजे आतला नळही आकसला. तिन्ही बाजूंनी कोंडी. गाळणीतलं प्रेशर पडतं आणि किडनी काही दिवसांत मंदावू शकते. दुखत काही नाही. लघवी कमी होते, थकवा येतो, भूक जाते, आणि ते सगळं उन्हाच्या नावावर खपून जातं.

(अ‍ॅस्पिरिनसारख्या पेनकिलर प्रोस्टाग्लँडिनला अडवून काम करतात हे १९७१ मध्ये दाखवलं कुणी? जॉन व्हेन यांनीच. त्याच विषयावरच्या कामासाठी त्यांना १९८२ चं नोबेल मिळालं.)

ब्रिटनमध्ये बीपीची औषधं घेणाऱ्या सुमारे ४ लाख ८७ हजार लोकांच्या नोंदींचा एक अभ्यास २०१३ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. ही तिन्ही औषधं एकत्र घेणाऱ्यांमध्ये किडनीला अचानक इजा होण्याचा धोका ३१ टक्क्यांनी जास्त आढळला, आणि पहिल्या तीस दिवसांत तर ८२ टक्क्यांनी. तो अभ्यास ब्रिटनच्या हवामानातला आहे, हेही लक्षात घ्या.

आपल्याकडे मेडिकलमध्ये 'अंगदुखीची एक पट्टी द्या' म्हटलं की बहुतेकदा याच गटातली गोळी हातात पडते. दिवसभर शेतात वाकून काम करणारी बाई, हमाल, बांधकामावरचा मजूर यांना संध्याकाळी ती लागते, हौस म्हणून कुणी घेत नाही. शिवाय अनेक गोळ्यांमध्ये पॅरासिटामोल आणि अ‍ॅसिक्लोफेनॅक एकत्र असतं, त्यामुळे 'पॅरासिटामोलच तर आहे' हा दिलासा खोटा ठरू शकतो. योग्य मात्रेत नुसतं पॅरासिटामोल किडनीचा नळ असा बंद करत नाही. बीपीची गोळी देताना 'दुखलं तर काय घेता?' हा एक प्रश्न विचारायला दहा सेकंद लागतात.

मग ओआरएस प्यायचं की नाही?

ऑक्टोबर २०२५ मध्ये ओआरएस हा शब्द देशभर चर्चेत आला. ज्या पेयांची घडण जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नाही, त्यांच्या वेष्टनावर 'ओआरएस' लिहिता येणार नाही, असा आदेश अन्न सुरक्षा प्राधिकरणाने १४ ऑक्टोबरला काढला. त्याआधी कंपन्यांना खुलाशाच्या ओळीसह हा शब्द वापरण्याची मुभा होती. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी जवळपास आठ वर्षं लढा दिल्यानंतर हा निर्णय झाला. साखरेने भरलेली पेयं औषध म्हणून जुलाब झालेल्या मुलांना पाजली जात होती, हा त्यांचा मुद्दा होता.

त्या वादात खरं ओआरएस विरुद्ध खोटं ओआरएस अशी विभागणी झाली आणि ती गरजेची होती. पण खरं ओआरएससुद्धा सरबत नाही, ही बाजू मागे पडली. हिशेब करून बघू. योग्य सूत्राच्या एक लिटर ओआरएसमध्ये सुमारे १.७ ग्रॅम सोडियम असतं. मोठ्या माणसाने दिवसभरात सगळं मिळून २ ग्रॅमच्या आत सोडियम घ्यावं, म्हणजे साधारण एक चमचा, ५ ग्रॅम मीठ, अशी आरोग्य संघटनेची शिफारस आहे. एक लिटर ओआरएसमध्येच दिवसाचा कोटा जवळपास संपला. जुलाब-उलट्या झाल्या असतील, तासन् तास घाम गाळला असेल, तर तेवढं मीठ अंगातून गेलेलं असतं आणि ते परत हवंच, बीपी असलं तरी. पण पंख्याखाली बसून 'थंडावा' म्हणून रोज लिटरभर पिणं म्हणजे सकाळी गोळीने मीठ काढायचं आणि दुपारी ते परत भरायचं.

शिवाय आपला उन्हाळा मिठाचाच. कैरीचं लोणचं, वाळवणं, पापड, कुरडया. पापडात मिठाबरोबर पापडखार पडतो आणि त्यातही सोडियम असतंच. पन्हं, ताक, कोकम सरबत प्या, पण मिठाची चिमूट खरोखर चिमूटच ठेवा.

पोटॅशियमची गोष्ट लक्षात ठेवायला सांगितली होती. जानेवारी २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कमी सोडियमचं, पोटॅशियम घातलेलं मीठ वापरायची शिफारस केली. बहुसंख्य लोकांसाठी ती चांगली आहे. मात्र किडनीचा आजार असलेल्यांना ती लागू नाही, हे त्यातच म्हटलं आहे. 'प्रिल', 'सार्टन' आणि विशेषतः स्पायरोनोलॅक्टोन ही औषधं पोटॅशियम आधीच अंगात धरून ठेवतात. त्यावर असं मीठ आणि रोज तीन-तीन शहाळी अशी भर पडली, आणि किडनीही कमजोर असली, तर रक्तातलं पोटॅशियम इतकं वाढू शकतं की हृदयाचे ठोके बिघडतात. एरवी एखाद्या शहाळ्याने काही बिघडत नाही, घाबरू नका.

साध्या पाण्यालाही मर्यादा आहे, हे अनेकांना पटत नाही. थायझाइड गटातल्या गोळ्या (क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड त्यातच येतात) लघवीतून मीठ घालवतात. त्यावर वयस्क माणसाने तहान नसताना, कुणीतरी सांगितलं म्हणून, पाच-सहा लिटर साधं पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. मग आजोबा गोंधळल्यासारखं बोलतात, तोल जातो, झोपाळू होतात. घरचे म्हणतात वय झालं. हृदय कमजोर असलेल्या काही रुग्णांना तर डॉक्टरांनी पाण्याचं माप ठरवून दिलेलं असतं, 'भरपूर पाणी प्या' हा सल्ला त्यांच्यासाठी नाही. दुसऱ्या टोकाला, वय वाढलं की तहानेची जाणीवच बोथट होते आणि पाणी प्यायचं राहून जातं. म्हणजे एकाच घरात एकाला आठवण करून द्यावी लागते आणि दुसऱ्याला आवरावं लागतं.

बंद करायची की नाही, ते सांगा!

स्वतःच्या मनाने नाही. कारण असं की गोळी बंद केल्यावर चूक लगेच कळत नाही. अ‍ॅमलोडिपिनची अंगातली मात्रा निम्मी व्हायलाच ३० ते ५० तास लागतात. दोन दिवस गोळी चुकली तरी काही होत नाही, माणसाला वाटतं गरजच नव्हती. बीपी चढतं ते पुढच्या आठवड्यात, आणि चढलेलं बीपी बहुतेकदा जाणवत नाही. बीटा ब्लॉकर किंवा क्लोनिडिन एकदम सोडलं तर उलट उसळी बसते.

पण 'काही झालं तरी गोळी सोडू नका' हेही उत्तर नाही. उन्हाळ्यात मात्रा कमी करावी लागते, वॉटर पिल काही काळ थांबवावी लागते, आणि डॉक्टर तसं करतातही. त्यासाठी त्यांना आकडे हवेत. घरी यंत्र असेल तर आठवडाभर सकाळ-संध्याकाळ बसून बीपी मोजा. मग उभं राहून एक ते तीन मिनिटांत पुन्हा मोजा. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा जास्त उतरत असेल, अंथरुणातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. वयस्क माणूस बाथरूममध्ये चक्कर येऊन पडला आणि खुब्याचं हाड मोडलं, तर बीपीपेक्षा मोठं दुखणं मागे लागतं.

जुलाब, उलट्या किंवा जोराचा ताप असताना मात्र थांबायला वेळ नसतो. ब्रिटनमध्ये अशा दिवसांसाठी काही ठिकाणी रुग्णांना आधीच सूचना दिलेल्या असतात: खाणं-पिणं पोटात टिकत नसेल तर 'प्रिल', 'सार्टन', वॉटर पिल, पेनकिलर आणि शुगरच्या काही गोळ्या तात्पुरत्या थांबवायच्या, आणि नीट खाऊ-पिऊ लागल्यावर २४ ते ४८ तासांनी पुन्हा सुरू करायच्या. तुमच्या बाबतीत कुठल्या गोळ्या थांबवायच्या, हे आजारी पडण्याआधीच डॉक्टरांकडून लिहून घेता येतं. रविवारी रात्री जुलाब सुरू झाले की फोन लागत नाही.

इथे सरकारी यंत्रणेलाही एक सोपं काम करता येईल. उष्णतेच्या लाटेच्या सूचना दरवर्षी येतात: दुपारी १२ ते ३ बाहेर पडू नका, पाणी प्या, सुती कपडे घाला. बीपी आणि हृदयाच्या रुग्णांनी जपावं, असंही त्यात असतं. जपायचं म्हणजे काय करायचं, ते नसतं. दुसरीकडे, आरोग्य केंद्रातून दर महिन्याला गोळ्या मिळतात, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये रुग्ण समोर येतोच. त्या भेटीत उभं करून एकदा बीपी मोजायचं, चक्कर येते का आणि पेनकिलर कुठली घेता हे विचारायचं, यासाठी नवी योजना लागत नाही. गोळी वाटणारा विभाग आणि लाटेचा इशारा काढणारा विभाग यांनी एकमेकांशी बोलायला हवं.

तोवर घरातलं काम आपलं. आज आई-बाबांच्या गोळ्यांची पट्टी उलटी करून बारीक अक्षरातली नावं वाचा. 'प्रिल' किंवा 'सार्टन' आहे का? हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन आहे का? पुष्कळदा एका गोळीत दोन-तीन औषधं असतात. ब्रँडच्या नावापुढे 'एच' असेल तर बहुधा हायड्रोक्लोरोथायझाइड, 'सीटी' असेल तर क्लोरथॅलिडोन, 'एएम' असेल तर अ‍ॅमलोडिपिन. 'मी तर एकच गोळी घेते' म्हणणाऱ्या आईच्या त्या एका गोळीत वॉटर पिल असू शकते. आणि डब्यात त्याच पट्टीशेजारी गुडघेदुखीची गोळी ठेवलेली असेल, तर तिचंही नाव वाचा.